सव्वीस दिवसांचं पाणी

आमच्या मजल्यावरच्या सहाही घरांनी माझ्या फिशटँकच्या पाण्याने भांडी घासलेली आहेत. सहामध्ये माझं घरही धरलंय. ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना वेळेवर कळली होती. मला कळली तेव्हा मी टाकीशेजारी उभा राहून त्याच पाण्याच्या थोरवीवर भाषण देत होतो.

सुरुवात भोपळ्यापासून करायला हवी. भोपळा म्हणजे आमच्या इराचा गोल्डफिश. इरा चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आणला तेव्हा तो शेंगदाण्याएवढा होता; इराने रंगावरून भोपळा नाव ठेवलं आणि त्याने ते फारच मनावर घेतलं. गोल काचेच्या भांड्यात वळायचं म्हटलं की त्याची शेपटी काचेवर आपटायची. एका रविवारी मला स्वच्छतेचा झटका आला. मी भांड्यातलं सगळं पाणी ओतून दिलं, भांडं खसाखसा घासलं, नळाचं ताजं पाणी भरलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो. दुपारपर्यंत भोपळा एका कुशीवर तरंगायला लागला. इरा टेबलावर हनुवटी टेकून संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून होती. जेवली नाही, रागावली नाही. एकदाच म्हणाली, "बाबा, तो जाणार का?"

ऑफिसात साहेब ओरडतात तेव्हा मी मनातल्या मनात उलट उत्तर तरी देतो. इथे तेही सुचेना.

मी धावत सिल्व्हर पार्कच्या मासेवाल्या दुकानात गेलो (शोभेच्या माशांचं दुकान; हा खुलासा आईसाठी दर वेळी करावा लागतो). दुकानदाराने कसलेसे थेंब दिले आणि माझ्याकडे गुन्हेगाराकडे बघावं तसं बघितलं. "भाईसाब, एकदम नया पानी डाला ना? इसको बडा टँक चाहिए, चार फूट का. और अब दूसरा झटका मत देना. नहीं बचेगी." भोपळा वाचला, पण अशक्त झाला. मी इराला कबूल केलं की त्याला मोठं घर देईन आणि या वेळी सगळं शास्त्रशुद्ध करीन.

'शास्त्रशुद्ध' या शब्दापाशी माझी बायको सुनीता नेहमी दीर्घ श्वास घेते. तिने तो घेतला. आईने काहीच घेतलं नाही. आई मूळची रत्नागिरीकडची. माशांमधला तिचा अधिकार मोठा, फक्त तो तव्यापाशी सुरू होतो. दोन वर्षांत तिने भोपळ्याबद्दल एकच मत दिलं होतं, "नुसता काट्यांचा असणार," आणि त्या दिवशी इरा आजीशी रात्रीपर्यंत बोलली नव्हती.

टाकी आली. लिफ्टमध्ये मावली नाही. दुकानातली दोन माणसं ती जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवत असताना आमचे सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई प्रत्येक मजल्यावर दार उघडून बघणाऱ्यांना घेऊन मागोमाग वर आले. म्हणाले, "काय साहेब, चौथ्या माळ्यावर तलाव बांधते काय? स्लॅबवर किती लोड येणार, हिशोब केला ने?" मी केला होता. अडीचशे लिटर पाणी, खाली खडे, वर काच, शिवाय लोखंडी स्टँड. मी कागद काढून भार कसा विभागला जातो ते समजावत होतो, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "शहाभाई, तुमच्या नातवाच्या बारशाला तुमच्या हॉलमध्ये चाळीस माणसं नाचली. तेव्हा नाही पडला तो स्लॅब." शहाभाई पाणी पिऊन खाली गेले.

आता टाकी भरायची. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास येतं. तेवढ्यात पिण्याचं, वापरायचं, कपड्यांचं असं सगळं भरून घ्यायचं, आणि त्यातून उरेल ते टाकीला. पाच दिवस मी बादल्या ओतत होतो. त्या पाच दिवसांत मी आंघोळ दीड बादलीवर आणली, आणि सुनीताची आंघोळही दीड बादलीवर आणायचा प्रस्ताव मांडून बघितला. तो बारगळला.

पाणी भरलं म्हणजे झालं, असं नव्हतं. दुकानदार म्हणाला, पानी को पकने दो. फिल्टर चालू ठेवायचा, क्लोरिन मारणारे थेंब घालायचे आणि तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. फिल्टरच्या स्पंजात माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जीव वाढतात; ते वाढले की पाणी पिकलं. मग मासा सोडायचा. हे मला फार आवडलं. काहीही न करता तज्ज्ञ होता येईल असं काम मला आयुष्यात प्रथमच मिळालं होतं.

त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये दिवे लावलेली, बुडबुडे सोडणारी, नितळ, पूर्ण रिकामी टाकी उभी राहिली. भोपळा तोवर शेजारी एका निळ्या टबात, रोज दोन-तीन मग जुनं काढून शिळं केलेलं पाणी घालून सांभाळलेला. लोक टाकी बघायला यायचे, काचेला नाक लावायचे आणि विचारायचे, "मासे कुठायत?" मी म्हणायचो, "अजून पाणी कोवळं आहे." मग पाणी पिकण्याची प्रक्रिया पहिल्यापासून सांगायचो. कोवळ्या पाण्यात मासा कसा गुदमरतो, स्पंज का धुवायचा नाही, साबणाचा हात का लागता कामा नये, सगळं. लोक चहा संपेपर्यंत ऐकायचे. आई तांदूळ निवडत बसलेली असायची. ती ऐकते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "आंबे पिकतात. पाणी पिकलेलं मी नाही बघितलं बाबा."

पंचविसाव्या दिवशी, म्हणजे एका शुक्रवारी, दुकानदाराने पाण्याचा नमुना तपासून सांगितलं की बस, हो गया. इराने रविवार सकाळ ठरवली. शनिवारी नळ यायच्या आधीच मी ऑफिसला गेलो, सुनीता इराला घेऊन नवघरला माहेरी गेली आणि आई घरात एकटी राहिली.

शनिवारी पहाटे सोसायटीचा पंप जळला. याबद्दल बिल्डिंगच्या ग्रुपवर बेचाळीस मेसेज आले होते असं मला नंतर कळलं. ग्रुप मी म्यूट करून ठेवलेला असतो. फक्त स्वतःचं काही पाठवायचं असलं तरच उघडतो.

संध्याकाळी घरी आलो आणि टाकीसमोर थबकलो. पाणी इतकं नितळ दिसत होतं की टाकीला मागची काचच नाही की काय वाटावं. खडे लखलखत होते. माझा ऊर भरून आला. सुनीता आणि इरा नुकत्याच आल्या होत्या; त्यांना मी तिथल्या तिथे उभं केलं, मोबाईलचा टॉर्च काचेवर धरला आणि म्हणालो, "बघा. याला म्हणतात पिकलेलं पाणी. कोवळ्या पाण्याला ही झळाळी येतच नाही. मला लांबूनच ओळखता आलं." आई दारात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, जांभई.

मग मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. 'सव्वीस दिवसांची तपश्चर्या. एक थेंबही बदललेला नाही. उद्या सकाळी नऊ वाजता भोपळ्याचा गृहप्रवेश. मजल्यावरच्या सर्वांनी आणि शहाभाईंनी पोहे खायला यावे.' नंतर शहाभाईंचे जोडलेले हात आले. त्यामागून एकेक करत सगळ्यांचे जोडलेले हात आले. मला लोकांच्या मनातला आदर जाणवला.

रविवारी नऊला सगळे हजर. इतक्या वेळेवर ते सोसायटीच्या मीटिंगलाही येत नाहीत. पोह्यांच्या बश्या घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले आणि कोणी कोणाकडे बघेना. इरा फ्रॉक घालून, वेण्या घालून तयार होती. भोपळ्याला एका पातेल्यात घेतलं होतं. इतक्या जवळून बघितल्यावर तो किती मलूल झालाय ते मला कळलं. एक पंख अजून नीट उघडत नव्हता. इराने पातेलं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्याच्याशी पुटपुटत होती की घाबरू नकोस, पाणी जुनं आहे.

मी दोन शब्द बोललो. दोन म्हणजे अंदाजे दहा मिनिटं. म्हणालो की आजच्या धावपळीच्या जगात थांबण्याची किंमत कोणाला कळत नाही. या टाकीत गेल्या सव्वीस दिवसांत बाहेरचा एक तांब्या पाणी गेला नाही की आतला एक तांब्या बाहेर आला नाही. इथे समोरच्या कदमवहिनींना ठसका लागला. शहाभाईंनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले. मी इराला मान हलवून खूण केली. तिने पातेलं टाकीवर नेलं आणि तिरपं करायला सुरुवात केली.

आईने पुढे होऊन पातेल्याखाली हात धरला.

"थांब गं," आई म्हणाली. "ते पाणी कालचंय."

मी म्हणालो की आई, पाणी पंचवीस, खरं तर सव्वीस... आईने माझ्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. काल सकाळी नळाला थेंब नाही. कदमवहिनींच्या मुलीला बघायला बारा वाजता पाहुणे येणार, ओट्यावर आदल्या दिवसाची भांडी, आणि वहिनी रडकुंडीला येऊन दारात उभ्या. हॉलमध्ये अडीचशे लिटर पाणी नुसतं दिवे लावून ठेवलेलं. पाण्याला कोणाला नाही म्हणायचं, हे आईला जन्मात जमलेलं नाही. तिने दोन बादल्या दिल्या. वहिनींच्या मागे शेजारचे आले, त्यांच्यामागे पलीकडचे. शेवटी खालचे शहाभाई स्वतः बादली घेऊन रांगेत, आणि त्यातच आमचीही भांडी घासून झाली.

"मी एकच बकेट घेतली," शहाभाई खालच्या आवाजात म्हणाले. "छोटी."

पाणी तळाला गेल्यावर आईला खडे दिसले, आणि तो स्पंज. "काय बरबटला होता रे," ती म्हणाली, "तपकिरी झालेला. म्हटलं हात घातलाच आहे तर. दुपारी पंप चालू झाला, मग नळाखाली धरून स्वच्छ पिळून काढला. साबण नाही लावला हो, तू नको म्हणालेलास. दुपारभर पाणी सोडलं होतं, सगळ्यांनी आपापल्या बादल्या परत आणून ओतल्या, परत भरली टाकी. ते क्लोरिनचे थेंबही घातले, तू घालतोस तसे झाकणाने मोजून."

म्हणजे ती प्रत्येक शब्द ऐकत होती. महिनाभर तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या आईला क्लोरिन, साबण, थेंब सगळं पाठ होतं. नेमका स्पंजवाला भाग मी सांगत असताना बहुधा कुकरची शिट्टी झाली असावी. माझ्या डोळ्यांसमोर सव्वीस दिवस जोपासलेले कोट्यवधी सूक्ष्म जीव मोरीतून वाहत गेले. पण मला राग आला नाही. आईचा हात अजून पातेल्याखाली होता.

कदमवहिनी पुढे आल्या. म्हणाल्या, "भावजी, आमचं जमलं हो. पाहुण्यांचा होकार आला रात्री. आणि तुम्हाला सांगते, तो निळा टब पण भरलेला होता, मी म्हटलं एक बादली यातून घेऊ का? तर काकी टबासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ते भोपळ्याचं आहे, त्याला हात नाही लावायचा."

इराने चमकून आजीकडे बघितलं. आजीने पदराने उगाचच टाकीची काच पुसली. मग इराने पातेलं खाली ठेवलं, आजीच्या कमरेला मिठी मारली आणि भोपळा पुन्हा निळ्या टबात गेला. मी आईला बाजूला घेऊन विचारलं की बाई, काल रात्रीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू इतकं मनापासून सांगत होतास. ऐकायला बरं वाटत होतं. मधे कुठे बोलू?"

मी पोह्यांची कढई घेऊन सगळ्यांना वाढायला लागलो. पोहे संपले. जाताना प्रत्येकाने माझी पाठ थोपटली, आणि दार लोटल्यावर बाहेर जे हसू फुटलं ते आम्हाला आतपर्यंत ऐकू आलं.

पाणी पुन्हा पहिल्यापासून पिकवलं. आणखी चार आठवडे. मी ग्रुपवर काही टाकलं नाही, पाहुण्यांना काही सांगितलं नाही. 'मासे कुठायत' असं कोणी विचारलं की आता आईच निवडता निवडता सांगायची, अजून कोवळं आहे, आणि माझ्यापेक्षा थोडक्यात सांगायची. एव्हाना भोपळ्याचा पंखही उघडायला लागला होता.

शेवटी तो रविवार आला. या वेळी आम्ही चौघंच होतो. इराने पातेलं हातात घेतलं आणि विचारलं, "बाबा, नक्की पिकलंय ना?" मी पुढे झालो. टाकीच्या चारही बाजूंनी फिरलो, टॉर्च मारला, वाकलो, डोळे बारीक करून जाणकारासारखं पाण्याकडे बघितलं. पाणी नितळ होतं. झळाळत होतं. मी ताठ उभा राहिलो आणि हळूच विचारलं, "आई, हे कालचं नाही ना?"