जत्रेतले वॉकीटॉकी

आमच्या गावच्या जत्रेत महाप्रसादाची पंगत देवळापासून शाळेपर्यंत जाते, आणि त्या गर्दीत मोबाईल लागत नाही. म्हणून मी ऑनलाइन चार वॉकीटॉकी मागवले. आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली. इंग्रजी कागद आला की अख्खं गाव माझ्याकडं येतं. सेट खरखरायला लागले, तेव्हा पुस्तिका वाचून फ्रिक्वेन्सीचे आकडे मीच बदलले. आवाज स्वच्छ आला. लई अभिमान वाटला.

दुपारी निपाणीकडून पोलिसांची जीप आली. बंदोबस्ताच्या वायरलेसवर "आमटी संपली, शाळेकडं दोन बादल्या धाडा" ऐकू येत होतं.

साहेब कन्नड-मराठी मिसळून बोलत होते. "ठरलेल्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातले, कमी ताकदीचे सेट विनापरवाना चालतात. हे त्यातले न्हवेत. गुन्हा नोंदला तर दंड हाय, जेलबी हाय. आकडे कोण बदललं?"

"मी बदलले," आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले.

साहेबांनी पुस्तिका पुढं केली. "वाचा बघू."

आप्पा खिशात चष्मा चाचपू लागले. वाढप्यांतून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, कॅलेंडर न्हवं ते, इंग्लिश हाय!" सगळे हसले.

आप्पा का पुढं झाले ते मला ठाऊक होतं. मला बँकेतल्या नोकरीचं पत्र आलं होतं, पोलीस पडताळणी तेवढी राहिली होती. पण त्यांच्यावर हसलेलं मला सोसवलं नाही.

"मी बदलले. गावात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

"गप बसायला काय झालतं गं तुला?" आप्पा पुटपुटले.

साहेबांनी कन्नडमधून लिहून घेतलेला जबाब वाचून मी सही केली. सेट जप्त झाले. गुन्हा की नुसती ताकीद, ते वरून विचारून कळवतो, साहेब म्हणाले.

तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. चहा उतू जातो, दारात गाडी थांबली की मी उठून बघते. अशातच बँकेचा फॉर्म आला. एक रकाना होता: तुमच्यावर काही प्रकरण चालू आहे काय?

"न्हाय लिव," आप्पा म्हणाले. "अजून नोंद कुठं झालीया?"

मी लिहिलं, चौकशी चालू आहे, आणि कशाची तेही लिहिलं. पोस्टात टाकून आले.

"आणि बँक नको म्हणाली तर?" आप्पांनी विचारलं.

"दुसरीकडं अर्ज करीन."

म्हटलं खरं. पण त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की मी निम्म्या गल्लीपर्यंत त्याला सामोरी जाते.