नळीतला उजेड

लोकायले बोलाले काय जाते? म्हणतात, नवरा रानडुकराच्या तावडीत ओरडून राह्यला होता अन् पंचफुला बंदुकीची नळी डोळ्यापुढं धरून आभाळ पाह्यत होती. मी मैनाबाई, तिची शेजारीण. मी तिथंच बाजूच्या वावरात कापूस वेचून राह्यली होती. तिनं मले गप बसवलं हाये, पण माह्या पोटात राह्यत नाही, म्हणून सांगतो.

झरीकडच्या आमच्या गावात परवान्याची बंदूक एकच. पंचफुलाच्या सासऱ्याची, पिकाच्या राखणीची. सासरा गेला तवा ती तिच्या नवऱ्याच्या, देवरावच्या नावानं व्हावी, पण त्याचा हात कापे. मग परवाना झाला बायकोच्या नावानं. अन् बाई केवढी, तर चिमणीएवढी! दस्ता खांद्याले लावला की बोट घोड्यापर्यंत पुरे ना. देवरावनंच सुताराकडून दस्ता चार बोटं कापून आणला. "घे, आता तुह्या मापाची झाली," म्हणे. गावानं नाव ठेवलं, लेकराची बंदूक. मधून मोडायची, एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा. नेम चुकला तर दुसरं काडतूस भरेपर्यंत डुक्कर अंगावर.

पण पंचफुला काय जीव लावे त्या बंदुकीले! शिलाई मशीनचं तेल आणून, गजाले फडकं गुंडाळून नळी आतून पुसे. मग नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबे, कारण कुंभारीण माशीले भोक दिसलं की ती त्यात मातीचं घर बांधते. सासऱ्यानं तिले बजावलं होतं, उजेड आरपार दिसल्याबिगर काडतूस घालायचं नाही. नळी बुजली असली तर बार पुढं जात नाही, नळीच फुटते अन् धरणाऱ्याचं थोबाड घेऊन जाते. आम्ही बाया चिडवो, "काय वं, आरशात तोंड पाह्यतं का?" ती हसे, पण पाहूनच घे.

त्या सकाळी देवराव घरामागच्या तुरीत गवत कापाले शिरला अन् सुळेवाल्या डुकरानं त्याले खाली पाडलं. अरे बापा, काय ती किंकाळी! मी धावली. पंचफुला भिंतीवरची बंदूक घेऊन निघाली. नळीच्या तोंडात बोळा नव्हता. तिनं बंदूक मोडली, आभाळाकडं धरली. आत काळोख.

"मार ना वं! मार!" मी बोंबलली.

"नळी बुजली हाये, मैनाबाई."

तिनं कापसाच्या पऱ्हाटीची काडी तोडून आत घातली. काडी मोडली. दुसरी घातली. तिकडं देवराव तिचंच नाव घेऊन राह्यला होता. शेवटी मातीचा गोळा निघाला. उजेड दिसला. एकाच बारात डुक्कर आडवं झालं, पण देवरावच्या मांडीची शीर फाटली होती. लुगडं बांधलं, हातानं दाबलं, रक्त थांबेच ना. गाडी येईपर्यंत तो तिच्या मांडीवर गेला. माह्यं ऐकून तिनं बार काढला असता तर त्या दिवशी दोन मयती निघाल्या असत्या, हे कोणी बोलत नाही.

मी त्याचा हात सरळ केला तर बोटाले चिंधी. मागच्या हप्त्यात त्याले विळा लागला होता. चिंधी हिरवी, पंचफुलाच्या जुन्या लुगड्याची, अन् तिले मशीनच्या तेलाचा वास. माणसानं नळीतला बोळाच काढून बोटाले बांधला होता! पंचफुलानंबी पाह्यली. हळूच सोडली अन् कमरेले खोचली.

देवरावच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यायसमोर देवरावची बहीण बबिता तिच्यावर तुटून पडली. "माह्या भावाले तू उजेड पाह्यत पाह्यत मारलं! नळी बुजलीच कशी?"

माह्या डोक्यात तिडीक गेली. मी उठली, आता सांगतोच म्हणलं. पंचफुलानं माह्या पदराले धरलं.

"बसा, मैनाबाई."

मग बबिताकडं पाहून म्हणाली, "बोळा लावाचा मीच विसरली, बाई."