मुरूमला गेलेली गाडी
नव्या अहवालाच्या शाईचा वास आला की मला आमच्या डॉक्टर संघटनेची कळंबची ती सभा आठवते. बंद पंख्याखाली घाम पुसत अध्यक्ष अहवालातलं पर्यावरणाचं पान वाचत होते, “सर्व सभासदांच्या दवाखान्यांतला कचरा संघटनेची गाडी नियमित उचलते.” मुरूम गावच्या वयस्कर डॉक्टरीणबाई उठल्या. “आमच्याकडं गाडी येतच न्हाय. वापरलेल्या सुयांचे डबे माझ्या मोरीत साठलेत.” अध्यक्ष वैतागले, “बाई, आता छापून झालंय.” “मग गाडी पाठवा, म्हंजे छापलेलं खरं व्हईल.” पुढच्या आठवड्यात गाडी गेली, पण आधीच भरलेली. गाडीवाल्यानं डब्यांशेजारी बाईंचा फोटो काढला आणि डबे न उचलताच गाडी परतली. पुढच्या अहवालात तो फोटो आला. बाईंच्या कपाळावर आठ्या आणि खाली ओळ, ‘समाधानी सभासद’. ते पान बघितलं की अजूनही माझं डोकं उठतं.