बिनकामाचं चालणं

आईला शुगर निघाली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं मलाच समजावून सांगितलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे असं समजून घ्यायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. त्या म्हणाल्या, गोळी चालू करू, पण रोज पाऊण तास चालायलाही हवं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. साखर उतरली नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल.

इंजेक्शन म्हटल्यावर आईने माझा हात धरला. माझी थोरली मावशी रोज स्वतःच्या पोटात सुई टोचून घेते. आईने ते पाहिलेलं आहे आणि तिला त्याची फार भीती वाटते.

मी तिला मम्मी म्हणते. लिहायला बसलं की आई येतं, का ते माहीत नाही.

आम्ही भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहतो. आई घरीच खोट्या दागिन्यांना खडे चिकटवते, सकाळपासून एका मांडीवर बसून. मला वाटलं, चालायचंच तर आहे, यात अवघड काय? दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, चल. ती तयार होऊन आली तर हातात बाजाराची पिशवी.

"पिशवी कशाला?"

"असू दे."

"अगं, पण आपण काही आणायला नाही चाललोय."

"ते तुला माहीत. लोकांना काय माहीत?"

गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू भेटल्याच. "कुठं गं सकाळी सकाळी?" आई म्हणाली, "कोथिंबीर आणायला." मग मंडईपर्यंत जाऊन कोथिंबीर घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात आमच्या घरी भाजीत कोथिंबीर, डाळीत कोथिंबीर, वड्या, चटणी. बाबा एकदा ताटाकडे बघून म्हणाले, "बकरी पाळायचा विचार आहे का?"

मी आईला म्हटलं, सरळ सांग ना, फिरायला चाललेय म्हणून. ती म्हणाली, "फिरायला? बाई फिरते म्हणतात ते कुणाला म्हणतात, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतंच. आमच्याकडे एखादी मुलगी 'फिरते' म्हटलं की पुढचं बोलायची गरज नसते. पाण्याला जाणं, रेशनला जाणं, शाळेत मुलाला सोडणं, हे जाणं. त्याला काम आहे. गावाकडे आई लहानपणी खूप चालली आहे, विहिरीवर, शेतावर, पण बिनकामाचं एक पाऊलही ती चालली नसेल. मी तिला विचारलं होतं, तू काय खेळायचीस? ती म्हणाली, "धाकट्या भावाला खेळवायची."

माझं तसं नव्हतं. पाचवीत असताना आमच्या महापालिकेच्या शाळेत खो-खोचा संघ करायचा होता. सरांनी वर्गातल्या चार-पाच मुलींना उभं केलं, त्यात मी होते. पहिल्या दिवशी हाफ पॅन्टमध्ये मैदानावर जायची इतकी लाज वाटली की मी शर्ट खाली ओढत, वाकून चालत होते. कंपाउंडच्या भिंतीवर मुलं बसलेली असायची. "ए कोंबडी, पळ पळ!" असं ओरडायची. मी रडतही होते. सर म्हणाले, "भिंतीकडे कशाला बघतेस? तुझं लक्ष पाठीमागे. खो ऐकू आला की उठायचं."

किती दिवस गेले ते आठवत नाही, पण एक दिवस भिंतीवरची मुलं मला दिसेनाशीच झाली. ती तिथेच होती. मी घामाने भिजलेली, गुडघ्यांना माती, केस सुटलेले, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. नववीपर्यंत खेळले. दहावीला क्लास लागला आणि सरच म्हणाले, परीक्षा झाली की ये. मग मी गेले नाही. घाटकोपरच्या कॉलेजात खेळांची नोटीस लागते, मी ती वाचते आणि लायब्ररीत जाते.

हे सगळं मी आईला शिकवायला निघाले होते. सरांचा आवाज काढून म्हणायचे, "गुडघे वर! खांदे सैल!" आई म्हणायची, "तुझ्या सरांना म्हणावं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गुडघे वर करून दाखवा." एकदा टेकडी चढताना मलाच धाप लागली आणि मी खांबाला धरून उभी राहिले. ती पिशवी घेऊन पुढे निघून गेली. वर पोचून ओरडली, "काय गं खेळाडू?"

कोथिंबिरीचं बिंग काकूंनीच फोडलं. एक दिवस त्यांनी रस्त्यात अडवून विचारलं, "रोज एवढी जुडी! हॉटेल काढलंस की काय?" आईला हसू आवरेना. तिने सांगून टाकलं की शुगर झालीय, चालायला सांगितलंय. काकू म्हणाल्या, "इश्श, मला तर वर्ष झालं."

"मग चालता का?"

"कुठं बाई. कुणी बघितलं तर?"

त्यानंतर दोघी मिळून निघू लागल्या. चार दिवस. मग काकूंचा गुडघा दुखायला लागला आणि आई पुन्हा एकटी पडली. पण आता चाळीत सगळ्यांना कळलं होतं, तेव्हा पिशवी घरी राहिली.

एका रविवारी मी तिला बागेत नेलं. मुलुंडच्या बाजूला महापालिकेची बाग आहे, कडेने चालायचा गोल रस्ता. समोरच्या टॉवरमधल्या बायका तिथे भराभर चालतात, कानात काहीतरी घालून. आई रस्त्याच्या कडेला चालायला लागली. मागून कुणाची पावलं ऐकू आली की ती थांबायची, गवतात उतरायची, त्यांना जाऊ द्यायची आणि मग परत वर यायची. एका फेरीत कितीदा उतरली असेल.

मी म्हटलं, "मम्मी, अशी बाजूला का होतेस?"

"त्यांना घाई आहे ना."

"कुणी कुठं चाललेलं नाहीये. गोल आहे हा रस्ता."

"मग घाई कसली?"

मी नुसती हसले, पण मला वाईट वाटलं होतं. खो-खोने माझे पाय घट्ट केले असतील, तर ते केव्हाच सैल झाले. टेकडीवर ते कळलंच होतं. पण आखलेल्या मैदानात उभं राहिलं की ही जागा आपली, लोक बघत असले तरी आपली, हे कुणीतरी मला दहाव्या वर्षी सांगितलं होतं. आईला ते बेचाळिसाव्या वर्षी एका बागेत, माझ्यासारख्या अर्धवट खेळाडूकडून शिकायचं होतं. मला वाटतं फरक एवढाच आहे. मी चुकतही असेन.

पुढच्या फेऱ्यांना मी तिच्या बाहेरच्या बाजूने चालले, म्हणजे गवताकडे. तिला उतरता येईना. एक बाई "एक्स्क्यूज मी" म्हणत आली, तेव्हा आई दचकली, माझ्याकडे बघितलं आणि चालत राहिली. ती बाई आमच्या बाजूने वळसा घालून गेली. काही झालं नाही.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरलीय, इंजेक्शनची गरज नाही, आहे तीच गोळी. असंच चालू ठेवा. आईने दोन्ही हात जोडले. बाहेर पायऱ्यांवर येऊन तिने मला विचारलं, "चालू ठेवा म्हणजे कधीपर्यंत?"

"कायम."

ती खालच्या पायरीवर बसलीच. तिला वाटलं होतं, तीन महिन्यांचं औषध असतं तसं हे चालणं. "तू पाच वर्षं खेळलीस आणि सोडलंस," ती म्हणाली. "तुला कुणी कायम म्हटलं नाही."

"म्हणायला हवं होतं."

"मग जा की परत."

"आता कोण घेणार मला?"

"विचारलंस?"

मी विचारलेलं नव्हतं. अजूनही विचारलेलं नाही, नोटिशीसमोर मात्र हल्ली जरा जास्त वेळ उभी राहते. इंजेक्शन टळल्याचा आनंद आईच्या तोंडावर होता आणि कंटाळाही होता. मग साडी झटकून उठली आणि म्हणाली, "कायमचं असेल तर या चपला नाही टिकायच्या. बूट बघायला हवेत."

स्टेशनजवळच्या दुकानात माणसाने सवयीने माझ्या पायाकडे बघितलं. आई म्हणाली, "तिला नाही, मला." त्याने काढून दिले ते तिने साडीवरच घातले, नाडी मी बांधली. दुकानात गर्दी होती, शाळेचे बूट घ्यायला आलेली मुलं आणि त्यांच्या आया. आई त्यांच्यामधून काचेच्या दारापर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. एक मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता.

"टाचेला ढिला होतोय," ती दुकानदाराला म्हणाली. "एक नंबर लहान दाखवा."