ठोकळ्याची दोरी

माझी पोस्टिंग तेव्हा खिंडीच्या पायथ्याशी होती. ईएमईची, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलाची, छोटी वर्कशॉप डिटॅचमेंट. पत्र्याच्या दोन शेड, शेकायला एक बुखारी आणि आम्ही काही मेकॅनिक. गाड्या वर पोस्टवर जायच्या, मोडून खाली यायच्या, आम्ही जोडून परत वर पाठवायचो. लोकांना वाटतं, सैनिक म्हटला की बंदूक. माझ्या हातात पाना असायचा, आणि शत्रू म्हणाल तर गोठलेलं डिझेल.

नायक तुळशीराम शेंडे माझा जोडीदार. मी वासू उरकुडे, राजुऱ्याचा. तो जिवतीकडच्या डोंगरावरचा, तळ्यात मासे धरणाऱ्या घरातला. आम्ही दोघं बोलायला लागलो की पंजाबी सुभेदार साहेबांना वाटायचं, आता हाणामारी होणार.

"वासू, काऊन बे हळू चालून राह्यला?"

"हवेत ऑक्सिजन नाई ना बे."

"मासोळीले पाण्यात भेटते, तुले हवेत नाई भेटत?"

त्या रस्त्याचा एक नियम होता. चढावर कमजोर गाडी जात असेल तर तिच्यामागे एक माणूस पायी चालतो. त्याच्याकडे लाकडी ठोकळा. गाडी थांबली की ठोकळा मागच्या चाकाखाली. ठोकळ्याला लांब दोरी बांधलेली, म्हणजे तो दोरीने सरकवायचा आणि ओढायचा. हात चाकाजवळ न्यायचा नाही. आमच्या ठोकळ्याची दोरी तुळशीरामनं स्वतः जाळ्याच्या गाठी मारून विणली होती. "सखूबाईनं शिकवली ही गाठ," तो सांगायचा. "सुटत नाई." सखूबाई त्याची मोठी बहीण. आईवडलांमागे तिनंच त्याला वाढवलं.

आमचे ऑफिसर कॅप्टन इनामदार. पुण्याचे, आणि गाड्यांचे वेडे. आज ते कर्नल म्हणून निवृत्त आहेत, मी हवालदार म्हणून. तुळशीराम गेला त्या तारखेला साहेब दरवर्षी पुण्याहून राजुऱ्याला माझ्या गॅरेजवर येतात आणि आम्ही दोघं गडचांदूरवरून घाट चढून त्याच्या गावी जातो. सखूबाईचा हुकूम आहे: त्या दिवशी तुळशीच्या फोटोला आमचा सॅल्यूट झाल्याशिवाय तळ्यात जाळं पडणार नाही. सगळा गाव काठावर थांबतो. आम्हाला उशीर झाला तर त्यांचा गडचांदूरचा बाजार बुडतो. म्हणून आम्ही कधी उशीर केला नव्हता.

यंदा साहेब नवीन गाडीत आले. लाल, बुटकी, दोन दारांची. कोळशाच्या ट्रकांमधून ती आमच्या रस्त्यावर आली तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली. मीही, खोटं सांगत नाही, एकदम सावधान झालो.

"पुण्यात ट्यून करून घेतली," साहेब म्हणाले. "ताकद जवळजवळ दीडपट. फक्त वरोऱ्यापासून जरा जड वाटतेय. पेट्रोलमध्ये पाणी असेल का रे?"

"असेल ना साहेब," मी गंभीरपणे म्हणालो. "पाणी कुठेही शिरतं."

गाडीतून उतरताना त्यांच्याबरोबर जळका वास उतरला होता. तो त्यांनाही आला होता. तीस वर्षं गाड्यांत काढलेला माणूस तो वास विसरत नाही. पण ते पेट्रोलच म्हणत राहिले आणि मीही नाटक चालू ठेवलं. आधी पेडल पाहिलं. ठीक. क्लचचं ऑइल पाहिलं. बरोबर लेव्हलला. खाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड पाहिला. कोरडा, कुठून तेल गळत नव्हतं.

"आता साहेब, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो, रेडिओवरच्या ऑपरेटरसारखा."

गडचांदूर रस्त्याला मोकळा पट्टा पाहून मी म्हणालो, "चौथा गिअर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. रिपोर्ट."

"इंजिनचा काटा तीन हजार. वेग साठ."

"रिपोर्ट."

"काटा साडेचार. वेग... साठ."

"रिपोर्ट."

इंजिन किंचाळत होतं. गाडी होती तशीच चालली होती.

"काटा सहा हजार," साहेब हळूच म्हणाले. पुढचा आकडा त्यांनी सांगितला नाही.

इंजिन फिरतंय आणि चाकांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा मधला क्लच घसरतो. इंजिनची ताकद वाढवली होती, क्लच मात्र कंपनीचा जुनाच. त्या ताकदीला धरता धरता प्लेट घासून संपली होती. पुण्याहून पार्ट आल्याशिवाय इलाज नव्हता.

गॅरेजवर परतलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"सपाटीवर जाईल?"

"जाईल."

"आणि घाटात? हळू नेली तर? सखूबाई वाट बघत असेल, उरकुडे. गाव थांबलंय. चढेल ती."

मी वाद घातला नाही. जॅकशेजारी एक लाकडी ठोकळा पडलेला असतो. तो उचलला आणि त्या लाल बॉनेटवर ठेवला.

"चढवू साहेब," मी म्हणालो. "मी मागून चालतो."

हे शब्द माझे नव्हते.

तुळशीराम गेला त्या दिवशी वरच्या पोस्टवर एका जवानाच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं. ढग खाली आले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. पोस्ट खिंडीच्या पल्याड होती; त्याला खाली इस्पितळात न्यायचं म्हणजे आधी खिंड चढायची, मग आमच्या बाजूचा उतार. पोस्टवर एकच ट्रक होता. तुळशीराम आणि मी कॅप्टन साहेबांबरोबर तोच दुरुस्त करायला वर गेलो होतो. मी हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते चालूच राहिलं. त्याचाही क्लच घसरत होता.

कॅप्टन साहेबांनी रेडिओवर खाली विचारलं. दुसरी गाडी संध्याकाळच्या आधी पोहोचत नव्हती. जवानाचे ओठ निळे पडले होते.

"चढेल?" साहेबांनी विचारलं.

तुळशीरामनं ठोकळा उचलला. "चढवू साहेब. मी मागून चालतो."

मी मागे, ताडपत्रीखाली, आजारी जवानाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून बसलो होतो. ट्रकच्या मागच्या फळीवरून मला तुळशीराम दिसत होता. गाडी थांबली की ठोकळा. निघाली की दोरीचा झटका, ठोकळा परत त्याच्या खांद्यावर. शेवटच्या वळणावर इंजिन ओरडलं आणि ट्रक मागे येऊ लागला. ब्रेकनं चाकं अडली, पण खाली बर्फ होता. तुळशीरामनं ठोकळा टाकला. बर्फावरून तो निसटला. पुन्हा टाकला. पुन्हा निसटला. मागे दरी होती.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी ठोकळा चाकाखाली दाबून धरला.

ट्रक थांबला. तुळशीराम चाकाखालून जिवंत निघाला नाही.

तो जवान वाचला. आजही आहे. साहेबांचा हुकूम चुकीचा नव्हता, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते ऐकून घेतात.

गॅरेजमध्ये साहेबांनी बॉनेटवरच्या ठोकळ्यावर हात ठेवला.

"त्या दिवशी गाडीत आजारी माणूस होता, उरकुडे."

"हो साहेब. आज आपणच आहोत."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "जिवतीची एसटी किती वाजता?"

एसटी तिच्या मर्जीने आली. घाटात पहिल्या गिअरवर कण्हत चढली. मधल्या वळणावर साहेबांनी खिडकीतून मागे पाहिलं. मीही पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन पार डोक्यावरून ढळलं होतं. माणसं तळ्याच्या काठावर बसून होती, खांद्यांवर जाळी, कोरडी. त्यांचा बाजार गेला होता. सखूबाई दारात उभी होती.

"उशीर काऊन केला साहेबभाऊ? मले वाटलं, येत नाई आता."

कर्नल साहेब तिच्यापुढे ताठ उभे राहिले. "गाडीचा क्लच घसरत होता, सखूबाई."

क्लच हा शब्द तिला आम्हीच ऐकवला होता, तुळशीला घेऊन आलो त्या दिवशी. तिनं रस्त्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"मंग? मागून कोण चालून राह्यलं होतं?"

"कोणी नाही. गाडी राजुऱ्यालाच ठेवून आलो."

तिनं दारातून बाजूला होऊन वाट दिली.

"बरं केलं," ती म्हणाली. "बाजार उद्याही भरते. या, पानी घ्या."

वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तिनं पायाने ठोकळा दाराखाली सरकवला. तोच ठोकळा. एका कडेला टायरचा दाब उमटलेला, आणि त्याच्या कडीला अजून ती दोरी. एवढ्या वर्षांत एक गाठ सुटलेली नाही.

आम्ही फोटोसमोर उभे राहिलो. नायक तुळशीराम शेंडे. फोटोतही तो हसतोय, जणू मला पुन्हा विचारेल की हळू काऊन चालून राह्यला. दोघांनी सॅल्यूट केला.

बाहेर कोणीतरी हाक दिली. तळ्यात जाळं पडल्याचा आवाज आला.