परत मागवलेला ट्रे

आमच्या कंपनीत 'रिकॉल' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. बाजारात गेलेल्या मालात दोष निघाला की ती अख्खी बॅच परत बोलवावी लागते. किती खोकी गेली आणि किती परत आली, याचा मेळ घालायचं काम माझ्याकडे येतं. तो मेळ पूर्ण कधीच बसत नाही. काही खोकी कुठेतरी राहतातच. म्हणून धाकट्या भावाचा परदेशातून निरोप आला आणि त्यात तोच शब्द दिसला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

माझ्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला त्याने बाबागाडी पाठवली होती. गाडीत दोष नव्हता. दोष होता तो समोर बसवायच्या ट्रेमध्ये. हा ट्रे दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर खटक्याने बसतो. त्यावर दुधाची बाटली ठेवायची, खुळखुळा अडकवायचा. गाडीच्या कंपनीने कळवलं होतं की पट्टे न बांधलेलं बाळ झोपेत खाली घसरलं, तर ट्रे आणि बैठक यांच्यामधल्या फटीतून त्याचं अंग जातं, डोकं जात नाही. ट्रे ताबडतोब काढून टाकावा. अशा 'काही घटना' घडल्या आहेत.

किती, ते लिहिलं नव्हतं. आकडा नसलेलं वाक्य मला एरवीही खटकतं. त्या 'काही'कडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

भावाने खाली लिहिलं होतं, 'आपली छोटी आता चालायला लागली, त्यामुळे आपल्याला काळजी नाही. सहज कळवलं.'

फोनमध्ये नातीचा एक फोटो आहे. दुपट्यात गच्च गुंडाळलेली, गाडीत झोपलेली, घसरून हनुवटी ट्रेच्या कडेला टेकलेली. तेव्हा घरच्या ग्रुपवर सगळे हसले होते. 'महाराणी दरबारातच पेंगल्या' असं कुणीतरी लिहिलं होतं. पट्टे बांधलेले नव्हते. बांधणार कसे? एक पट्टा बाळाच्या पायांमधून वर येतो, आणि आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन, पाय सरळ करून गुंडाळतात. गाडी बनवणाऱ्यांनी दुपटं विचारात घेतलं नव्हतं आणि आम्ही पट्टा. फोटो मोठा करून मी हनुवटीच्या खाली पाहिलं. दुपटं फटीत शिरलेलं होतं.

"गाडी कुठे आहे आपली?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"मावशीला दिली ना," बायको म्हणाली. "तुमच्यासमोर तर टेम्पोत चढवली."

मावशी म्हणजे समुद्रकाठच्या दांडी गावाहून आमच्या कॉलनीत मासळी विकायला येणारी बाई. आम्ही बोईसरला राहायला आलो तेव्हापासून तिचीच मासळी आमच्या घरात शिजते. तिची मुलगी बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला होता, आणि आमची गाडी गॅलरीत धूळ खात होती. बायकोने ती धुऊन, पुसून, ट्रेसकट दिली होती.

"त्यातला ट्रे परत आणायला हवा."

"वेड लागलंय का तुम्हाला? बाळाला दिलेली वस्तू परत मागतात का कुणी? त्याचं आयुष्य मागितल्यासारखं असतं ते."

मी तिला निरोप वाचून दाखवला आणि फोटो पुढे धरला. तिने फोटो पाहिला, मग गॅस बंद केला.

"जा," ती म्हणाली. "पण तिथे लेकराजवळ उभं राहून असलं अभद्र काही बोलू नका. बोलाफुलाला गाठ पडते."

मावशीला फोन लावला. बंद होता. तेव्हा लक्षात आलं की दोन दिवस ती आलीच नव्हती.

दांडीचा रस्ता मला पाठ आहे, तरी त्या दिवशी दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो. कारखान्यांच्या भिंती संपल्या, खाडीकाठचं खाजण लागलं, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला. मावशीच्या घराचं पुढचं दार लोटलेलं होतं. मी दोन हाका मारल्या. आतून उत्तर नाही. मी दार ढकलायला हात पुढे केला.

"भाऊ! दोन दिस मासली नाय दिली तं घरापरयंत आलात?" मावशी घराच्या मागून हात पुसत आली. "फोन पान्यात पडला माजा. या, या."

मागच्या पडवीत तिचे सासरे जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांच्याशेजारी आमची बाबागाडी. तीन-चार महिन्यांचं पोर त्यात झोपलेलं होतं. दुपट्यात गुंडाळलेलं, गालाला काजळाचा ठिपका, आणि तसंच घसरलेलं. हनुवटी अजून ट्रेला टेकली नव्हती. ट्रेचा एक खटका बहुधा सैल झाला असावा, कारण म्हाताऱ्यांनी तो दोन्ही बाजूंनी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने बांधून टाकला होता. त्या गाठी हाताने सुटणाऱ्या नव्हत्या.

"आधी त्याला उचला," मी म्हणालो.

"झोपलाय ना!"

"उचला, मावशी."

तिने उचललं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशीची मुलगी परसातून आली, मागोमाग मावशीची सासू आली. काय सांगायचं हे मी रस्ताभर ठरवत आलो होतो. पण ते पोर जागं होऊन माझ्याचकडे टकामका पाहत होतं. त्याच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

"ट्रे कच्चा निघालाय," मी म्हणालो. "कंपनीने परत मागवलाय."

"ऐकलंस का गो?" सासू सुनेला म्हणाली. "दिल्यालं परत नेतात ही बोईसरची मान्सं. उद्या दुपटं मागतील, परवा पोर मागतील."

"आई, गप बसा ना."

"मी कशाला गप बसू? लेकराचं हाय ते."

शेवटी मावशीनेच तोड काढली. म्हाताऱ्यांनी सुरीने दोरा कापला. मावशीने बाळाची मूठ ट्रेला लावली आणि ट्रे माझ्या हातात दिला. "बालानं आपल्या हातानं दिला, तुमी घेतला. तुमी मागला नाय." मी बाळाच्या मुठीत नोट ठेवली. निघताना म्हणालो, "पट्टे बांधत जा." पाहुणा 'येतो' म्हणाला की मान हलवावी, तशी तिने मान हलवली.

घरी येऊन मी ट्रे हातोडीने फोडला. एक गेला, एक आला; असा पूर्ण मेळ मला कामावर कधी मिळत नाही. त्या आठवड्यात मी नीट जेवलो.

पुढच्या आठवड्यात मावशी दारात आली ती नवा फोन घेऊन. पाटी उतरवायच्या आधी तिने तो बायकोच्या हातात दिला. "वयनी, बगा तं, आमचा राजा कसा दिसतो!"

बायकोने पाहिलं आणि फोन माझ्याकडे दिला.

बाबागाडी तीच होती. समोर बांबूच्या दोन कांबी आडव्या बांधल्या होत्या, त्यांच्यावर निळा दोरा सुरेख विणून घेतला होता, मध्ये शिंपल्यांचा खुळखुळा. काढलेल्या ट्रेच्याच खुणांवर बांधलेलं, उंचीला तंतोतंत तेवढंच. मागे पोर झोपलेलं.

"बाबांनी केला," मावशी म्हणाली. "तुमचा कच्चा होता ना? ह्यो मोडाचा नाय. मीच लोंबकळले तरी मोडाचा नाय."

"आत्ता तो कुठे आहे?"

"कोन, राजा? आसंल गाडीत. न्हाऊन झोपतो ह्या वक्ताला."

मी स्कूटरची किल्ली घेतली. मावशीला मागे बसवलं. पाटी आमच्या दारातच राहिली. "काय जालं, भाऊ?" ती वाटभर विचारत होती. मी वाऱ्यामुळे ऐकू येत नसल्यासारखं केलं.

पोर आईच्या मांडीवर दूध पीत होतं. गाडी रिकामी होती. मी ओटीवर टेकलो आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन एक नारळ आणि पंचा मागितला. पूजेबिजेला हवा असेल असं समजून सासूने सोललेला नारळ आणून दिला.

पंच्याची मी जाडसर गुंडाळी केली, नारळ वरच्या टोकाला बांधला आणि ते गाठोडं बैठकीवर ठेवलं. मग पायांकडच्या टोकाने, बाळ झोपेत पाय ताणतं तेवढंच, हळू खाली ओढलं. पंचा फटीतून सरसर खाली गेला. नारळ कांबीला लागला आणि थांबला. मी हात काढून घेतला. ते तसंच लटकत राहिलं.

बोलायची गरज उरली नव्हती. मावशीच्या मुलीने पोराला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

सगळ्यांत आधी म्हातारे उठले. "मासली जाल्यात डोकं घालते नि अंगानं अडकते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "ह्ये उलटं हाय." त्यांनी सुरी घेतली आणि स्वतः विणलेलं ते सगळं एकेक गाठ करत कापलं. एकही दोरा त्यांनी ओढून तोडला नाही.

सासू मात्र माझ्याकडेच पाहत होती. "पोराचं सोंग केलंस तू," ती म्हणाली. "आमच्याच घरात. आमच्याच नारलाचं." मग आत जाऊन मीठ-मोहरी घेऊन आली आणि बाळावरून उतरवायला लागली. मावशी मला फाटकापर्यंत सोडायला आली नाही.

पाटी न्यायला दुसरीच बाई आली.

त्यानंतर मावशी आमच्या दारात आलेली नाही. कॉलनीत येते. आमचं घर सोडून शेजारच्या घरी पाटी उतरवते आणि खालूनच हाळी देते, "बोंबील घ्या, ताजं बोंबील!" बायकोला याचं वाईट वाटतं. ती म्हणते, तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. बरोबर असेल. पण तिथल्या लोकांच्या मनात ती लटकलेली गुंडाळी आता कायमची आहे, आणि ती मी ठेवलेली आहे. त्या पोराला साधा ताप आला तरी घरात पहिलं नाव माझं निघेल. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिलं माझंच येईल.

दुसरी पाळी असते त्या आठवड्यात मी सकाळी घरी असतो. कॉलनीसमोरून जनरल शिफ्टची बस गेली की मागोमाग मावशीची हाळी येते. आवाज नेहमीसारखा खणखणीत असला की मी समजतो, पोर बरं आहे, आणि पेपर उघडतो.

आज बस जाऊन बराच वेळ झाला. बायको उगाचच दोनदा गॅलरीत जाऊन आली.