सहापैकी दोन

डिलाईल रोडची आमची चाळ पाडायला काढली, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या सहा बिऱ्हाडांना ट्रान्झिट कॅम्पात सहा खोल्या मिळाल्या. दोन शिवडीला, चार पार मानखुर्दच्या पलीकडे. बाबांचं परळच्या हॉस्पिटलात आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं. आम्हाला शिवडीच हवी, हे गॅलरीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "एक शिवडी तुमका. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकूया." सगळ्यांनी माना डोलावल्या.

विषय तिथेच संपायचा. पण मी क्लासमध्ये गणित शिकवतो, आणि कुणाचे उपकार घ्यायचे म्हटलं की माझी मान आखडते. "छे, काकू! संधी सगळ्यांना सारखी हवी. सहापैकी दोन, म्हणजे प्रत्येकाला एक तृतीयांश."

"अरे, बापूस आजारी आसा तुजो. हेच्यात गणित कसला घालतंस?"

मी घातलं. आमच्यात चिठ्ठी घरातल्या वडीलधाऱ्यानेच उचलायची. बाबा उठू लागले, तर ‘आधी बाकीचे’ म्हणत मी सदरा धरून बसवलं. पहिल्या तिघांना मानखुर्द लागलं. डब्यात उरल्या तीन, त्यातल्या दोन शिवडीच्या. "उठा बाबा, तीनपैकी दोन!" मी जवळजवळ ओरडलोच. पेढे आणायला निघाल्यासारखा चेहरा झाला होता म्हणे माझा.

बाबांनी चिठ्ठी उलगडली, वाचली आणि माझ्या हातात दिली. मानखुर्द.

काकूंना शिवडी लागली. त्या माझ्याकडे बघत थांबल्या. मागितली असती तर दिलीही असती. पण एवढं व्याख्यान झोडल्यावर मागणार कुठल्या तोंडाने?

मग सुरू झालं सायनपर्यंत रिक्षा, पुढे टॅक्सी, परत तेच. बाबा टॅक्सीत ओकायचे. चौथ्या महिन्यात एका सोमवारी म्हणाले, "आज नको रे. एक वार चुकला तर काय होतंय?" मीही दमलो होतो. बुधवारीही त्यांनी नको म्हटलं, आणि मला बरंच वाटलं. शुक्रवारी पहाटे ते गेले.

काकू शिवडीहून दोन बस बदलून आल्या. घामाघूम होऊन दारातच बसल्या आणि म्हणाल्या, "इतक्या लांबसून न्हेयस तू तेंका, आठवड्यात तीनदा?"

मी हो म्हणालो.